चित्र आणि ध्वनी यांमधील पूल कोणाच्या मालकीचा? #इतिहास #धागा 🧵

१/ १४ मार्च १९३१. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ झळकला. त्याचे चित्र आणि ध्वनी एकाच फिल्मवर, एकाच वेळी मुद्रित झाले होते. दोहोंची ताटातूट झालीच नव्हती, म्हणून गाठ घालण्याचा प्रश्नही नव्हता. मात्र या सोयीची किंमत मोठी होती. चित्र कापले की आवाजही कापला जाई.

२/ म्हणून चित्रपटसृष्टीने दोघांना वेगळे केले. कॅमेरा एक, ध्वनिमुद्रण यंत्र दुसरे. पन्नाशीच्या दशकात स्टेफान कुडेल्स्की यांच्या ‘नाग्रा’ने हे दुसरे यंत्र खांद्याला अडकवण्याइतके सुटसुटीत केले. आता वेगळे झालेले पुन्हा जोडायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला.

३/ उत्तर साधे होते. क्लॅपची फळी मिटते ती फ्रेम आणि तिचा ‘खट्’ आवाज एकमेकांसमोर ठेवायचे. संकलनाच्या टेबलावर चित्राची फिल्म आणि ध्वनीची चुंबकीय फिल्म, दोन्हींना सारखीच भोके असत. त्यामुळे त्या जोडीने पुढे सरकत. या भोकांवर कोणा एका कंपनीची सत्ता नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

४/ व्हिडिओ टेपला अशी भोके नव्हती. तिथे टाइमकोड आला. प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा पत्ता मिळाला. सीएमएक्स या अमेरिकन कंपनीच्या संकलन यंत्रांमुळे ‘ईडीएल’, म्हणजे संकलनातील निर्णयांची यादी, रूढ झाली. कोणत्या टेपवरचा तुकडा कुठून कुठपर्यंत घेतला आणि तो कुठे बसवला, एवढेच तीत असे. साधा मजकूर, डोळ्यांनी वाचता येणारा.

५/ १९८९ साली ॲव्हिडचे संगणकीय संकलन आले आणि १९९१ साली डिजिडिझाइनचे ‘प्रो टूल्स’. चित्र एका सॉफ्टवेअरमध्ये, ध्वनिमिश्रण दुसऱ्यात. दोहोंमध्ये ये-जा करण्यासाठी ॲव्हिडने ‘ओपन मीडिया फ्रेमवर्क’, म्हणजे ओएमएफ, पुढे आणले. कापलेले तुकडे, त्यांच्या जागा आणि खुद्द ध्वनी एकाच फाइलमधून जाऊ लागले.

६/ ओएमएफची मर्यादा मात्र लवकरच जाणवली. २ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नसे. पुढे अनेक कंपन्यांनी मिळून एएएफ हे स्वरूप घडवले. तेही परिपूर्ण नाही. एका सॉफ्टवेअरमधले इफेक्ट दुसऱ्यात बहुधा पोहोचत नाहीत. तरीही वाट सामायिक झाली, हे महत्त्वाचे.

७/ ही वाट तुटली तर काय होते, हे २०११ च्या जूनमध्ये दिसले. ॲपलने ‘फायनल कट प्रो एक्स’ बाजारात आणले, तेव्हा त्यातून ईडीएल किंवा ओएमएफ बाहेर काढण्याची सोयच नव्हती. व्यावसायिक संकलक संतापले. चित्राचे संकलन उत्तम झाले, तरी ते ध्वनिमिश्रकाकडे पाठवायचे कसे? काही महिन्यांत नव्या आवृत्त्यांनी आणि इतरांच्या पूरक सॉफ्टवेअरनी थोडी वाट काढली; तोवर अनेकांनी दुसरा घरोबा केला होता.

८/ यावर एक प्रतिवाद संभवतो. पूल हवाच कशाला? २०१७ पासून ‘दाविंची रिझॉल्व्ह’मध्ये ‘फेअरलाइट’चा ध्वनिविभागही आहे. संकलन आणि मिश्रण एकाच छताखाली! लहान चित्रपटांसाठी ही सोय खरोखर मोठी आहे आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही.

९/ परंतु एकाच छताखाली राहणाऱ्याने ते छत कोणाचे आहे, हेही पाहावे. ध्वनिमिश्रकाचे साधन संकलकाच्या साधनावरून ठरू लागले, तर ती सोय राहत नाही, सक्ती होते. शिवाय कंपन्या विकल्या जातात, बंद पडतात. सीएमएक्स केव्हाच इतिहासजमा झाली. तिच्या नावाची ईडीएल मात्र आजची सॉफ्टवेअरही लिहितात आणि वाचतात. ती टिकली, कारण ती साधी होती आणि कोणालाही वाचता येत होती.

१०/ म्हणून चित्रपट पूर्ण झाल्यावर केवळ प्रोजेक्ट फाइल जपणे पुरेसे नाही. संवाद, संगीत आणि ध्वनिपरिणाम यांचे स्वतंत्र पट्टे ब्रॉडकास्ट वेव्ह स्वरूपात, सोबत एएएफ आणि साध्या मजकुरातली ईडीएल, शिवाय प्रत्येक पट्ट्यात पहिल्या फ्रेमच्या २ सेकंद आधी एक फ्रेमभर ‘बीप’. हा ‘बीप’ म्हणजे त्या जुन्या ‘खट्’चाच वारस. सॉफ्टवेअर बदलले, तरी डोळा आणि कान यांच्या आधारे चित्र व ध्वनी पुन्हा जुळवता येतात.

११/ ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो ऐकता येत नाही, कारण फिल्मच उरली नाही. आजच्या चित्रपटांवर वेगळी वेळ येऊ शकते. फाइल हाती असेल, पण ती उघडणारे कोणी नसेल. ते टाळायचे असेल, तर चित्र आणि ध्वनी यांमधला पूल कोणा एकाच्या मालकीचा असता कामा नये. (समाप्त)