येल्लारेड्डीची लढत

सिकंदराबादेच्या चिलकलगुडा वस्तीत 1918 साली दलित कुटुंबात जन्मलेल्या जे. ईश्वरीबाई, पुण्याच्या दंतवैद्याशी झालेल्या विवाहानंतर काही वर्षांनी कन्येसह माहेरी परतल्या, शिक्षिकेची नोकरी धरून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, आणि प्रथम नगरसेविका व पुढे आंध्र प्रदेशातील रिपब्लिकन पक्षाच्या पुढारी झाल्या. तरीही पुण्याशी सोयरीक जडलेल्या या कर्तृत्ववान बाईंचे नाव मराठी वाचकांच्या कानी क्वचितच पडते, याची मला मनापासून खंत वाटते.

1967 साली तत्कालीन निजामाबाद जिल्ह्यातील येल्लारेड्डीच्या राखीव मतदारसंघात त्यांनी काँग्रेसच्या टी. एन. सदालक्ष्मी यांचा पराभव केला. सदालक्ष्मीही काही सामान्य नव्हत्या: ज्या मेहतर समाजाला देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्या समाजात जन्मून त्यांनी विधानसभेचे उपाध्यक्षपद भूषविले, इतकेच नव्हे, तर मंत्री या नात्याने देवस्थानांचा कारभारही पाहिला. एकीमागे सत्ताधारी पक्ष, दुसरीमागे आंबेडकरी चळवळ, आणि दोन दलित स्त्रियांच्या दोन राजकारणांतून एक निवडण्याचा अधिकार रयतेच्या हाती! एखादी दलित स्त्री सभागृहात बसविली म्हणजे त्या समाजाच्या प्रतिनिधित्वाची बाब निकालात निघाली, असे मानणाऱ्यांनी ही लढत अभ्यासावी. पुढे 1969 च्या स्वतंत्र तेलंगणाच्या आंदोलनात याच दोघी एका बाजूस उभ्या राहिल्या.

अमेरिकेत शर्ली चिझम या, ईश्वरीबाईंप्रमाणेच शिक्षिकेचा पेशा केलेल्या, कृष्णवर्णीय बाई प्रतिनिधिगृहात निवडून आल्या त्या 1968 साली; त्यांच्यापूर्वी त्यांच्या वंशाची एकही स्त्री तेथे पोहोचली नव्हती. पक्षश्रेष्ठींच्या मेहेरबानीवर विसंबून न राहता वस्तीतील कामाच्या बळावर उमेदवारी मिळविणे, हे या दोन दूरस्थ स्त्रियांमधील खरे साम्य होय.

2023 च्या घटनादुरुस्तीने विधानसभांतील व लोकसभेतील एक तृतीयांश जागा, त्यांत अनुसूचित जातीजमातींच्या राखीव जागांपैकीही तितकाच हिस्सा, स्त्रियांसाठी ठेवल्या खऱ्या. परंतु त्याचा अंमल जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना यांच्याशी जखडून देण्यात आला. माझ्या मते हा विलंब अन्याय्य आहे. शिवाय, दलित वस्तीत वर्षानुवर्षे राबणाऱ्या कार्यकर्तीला, तीही राखीव नसलेल्या मतदारसंघातून, उमेदवारी देण्यास कोणत्याही पक्षाला कायद्याच्या फर्मानाची गरज नाही. तेव्हा सिकंदराबादेतील मराठी कुटुंबांनी, मत मागावयास दारी येणाऱ्या प्रत्येक पक्षाला तुमच्या यादीत अशी बाई कोण, हा प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळाल्यावाचून त्यास वचन देऊ नये.