नव्या जन्माच्या कादंबऱ्या आणि आमची मुले

अलीकडे आमच्या वरच्या वर्गांतील मुली, आणि थोडेबहुत मुलगेही, मोबाइलच्या पडद्यावर एका निराळ्याच धाटणीच्या कादंबऱ्या वाचीत असतात. या कथा छापून निघण्यापूर्वी महाजालावर प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध होतात. त्यांत प्रेम असते, जादू असते, राजवाडा असतो. आणि त्याच पंगतीला बागकाम, स्वयंपाक, औषधी कुटणे असा घरगुती मजकूरही बसलेला असतो. नायिकेचे मागणे मात्र एकच : या नव्या जगात मला स्वस्थपणे जगू द्या. पालकसभेत या वाचनाला 'पळपुटे' म्हणून मोकळे होण्याची प्रथा पडली आहे. हा निवाडा आम्हांला घाईचा वाटतो.

या कथांचे एक मोठे माहेर जपानात आहे. तेथे २००४ साली 'शोसेत्सुका नी नारो', म्हणजे 'चला, कादंबरीकार होऊ', या नावाचे संकेतस्थळ निघाले. तेथे कोणीही लिहावे, कोणीही फुकट वाचावे. जे वाचकांना रुचेल ते पुढे प्रकाशक ग्रंथरूपाने काढतात. यूका ताचिबाना या लेखिकेची २०१६ साली तेथे सुरू झालेली एक कथा पाहा. सेइ नावाची विशीतली तरुणी कचेरीतील जादा काम आटोपून रात्री उशिरा घरी येते, तोच तिला मंत्रबळाने परलोकीच्या एका राज्यात ओढून नेले जाते. राज्याला एक पुण्यवती हवी असते. पण येतात दोघी, आणि राजपुत्र दुसरीकडेच पाहतो. सेइ रागावते, आणि राजवाड्याच्या वनौषधी संशोधनालयात जाऊन काम धरते. पुढे एका सेनानायकाशी तिचे मन जुळते, तेही हळूहळू.

ज्या देशात अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला 'करोशी' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो टाळण्यासाठी २०१४ साली कायदा करावा लागला, तेथे अशी कथा लोकांना भावावी यात नवल ते काय? परंतु सेइ परलोकी जाऊन लोळत पडत नाही, ही गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून सुटते. ती तेथेही राबते. फरक इतकाच, की तिने सिद्ध केलेल्या औषधाने घायाळ सैनिक तिच्या डोळ्यांदेखत उठून बसतो. आपल्या कामाचे फळ आपल्याला दिसणे, हीच तिची शांती. आम्हां गोमंतकीयांच्या 'सुशेगाद' शब्दाचेही परक्यांनी असेच मातेरे केले आहे. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ 'शांत, निवांत'. लोकांनी त्याचा 'आळशी' करून टाकला.

एक दोष मात्र आम्ही पदरात घालणार नाही. सेइचे औषध इतरांच्या औषधाहून दीडपट गुणकारी उतरते, आणि ते आयत्या वरदानाने! याउलट मिया काझुकी यांच्या, २०१३ ते २०१७ या काळात त्याच स्थळी क्रमशः आलेल्या कादंबरीतील पुस्तकवेडी मुलगी पाहा. ती एका गरीब शिपायाच्या घरी, जेथे पुस्तक दृष्टीसही पडत नाही अशा घरी, पुन्हा जन्मते. ती मातीच्या पाट्या करते, त्या भाजताना फुटतात. लाकडाच्या पट्ट्या करते, त्या आई सरपण म्हणून चुलीत घालते. आणि शेवटी कागद तयार होतो. मुलांच्या हाती आधी ही द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अद्भुतरम्य वाचून पिढ्या बिघडतात म्हणावे, तर 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) वाचणारे आमचे पूर्वज कधीच वाया गेले असते. आणि प्रकरणाप्रकरणाने वाचणे वाईट म्हणावे, तर हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' 'करमणूक' पत्रातून अशीच आली होती.

खरा प्रश्न निराळाच आहे. जपानी कारकुनाला निवृत्तीची स्वप्ने पडली तर ती समजतात. चौदा वर्षांच्या मुलीला ती का पडावीत? यंदा नववीला आम्ही 'माझे स्वप्न' हा निबंध घातला. डॉक्टर, वैमानिक निघाले. पण निदान सहा वह्यांत एक लहानसे घर, चार झाडे, पावाची छोटी भट्टी, आणि 'कोणी घाई करू नये' अशा अर्थाचे वाक्य होते. या सहाही जणींची पहिली शिकवणी सकाळी सहाला, आणि शेवटची दिवेलागणीनंतर सुटते. रविवारी चाचणी! त्यांची कादंबरी काढून घेणे सोपे आहे. पण पालकहो, त्यांचे वेळापत्रक एकदा समोर ठेवून आपणांपैकी कोणी ते महिनाभर पाळून दाखवील काय?

शाळेपुरते एवढे ठरत आहे : शनिवारचा शेवटचा तास गुणांवाचून राहील, आणि इमारतीमागच्या पडीक जागेत वाफे घातले जातील. तेथे तांबडी भाजी लावावी की मिरची, यावर नववीत आताच दोन तट पडले आहेत.