पाय धुणं

दर वर्षी पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी आमच्या मंडळीत योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाचतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या काळी धुळीच्या रस्त्याने आलेल्या पाहुण्याचे पाय धुणं हे घरातल्या नोकराचं काम. आपल्याकडेही गुरूचे पाय शिष्यांनी धुवायचे असतात. इथे सगळं उलटंच! आणि त्या बारा जणांत थोड्या वेळाने त्याला धरून देणारा यहूदाही होता. त्याचेही पाय धुतले गेले.

ऐकताना डोळे भरून येतात. मग आपण घरी येतो, जेवतो, झोपतो.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या आधी आम्ही ब्लँकेटं वाटली होती. फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. एका म्हाताऱ्या बाईंनी ब्लँकेट घेतलं आणि कॅमेरा बघून पदर तोंडावर ओढला. मी म्हटलं, "आजी, पदर जरा बाजूला घ्या ना." त्यांनी मुकाट्याने घेतला. फोटो छान आला. पुढे महिनाभर तो फलकावर होता आणि दर रविवारी मला त्याच्यासमोरून जाताना कसंसंच व्हायचं. ब्लँकेट दिलं खरं, पण त्याची किंमत वसूल केली होती आम्ही. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये अशी आमच्या प्रभूची शिकवण, आणि आम्ही ते फलकावर लावलं!

ख्रिस्ती लोकांच्या सेवेमागे काहीतरी हेतू असतोच, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. पण त्या फोटोनंतर थोडा कमी येतो. हेतू म्हणजे दर वेळी धर्मांतरच असतं असं नाही. आपण चांगले दिसावं हाही हेतूच की.

आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत. वय ऐंशीच्या पुढे, मधुमेह, नजर अधू, खाली वाकता येत नाही. एकदा सहज त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. नखं वाढून बोटांत रुतत होती. मधुमेहात पायाची बारीकशी जखमही किती महागात पडते हे आमच्या घरी पाहिलेलं आहे. तेव्हापासून पंधरा दिवसांनी एकदा जाते. पाणी कोमटच आहे ना हे आधी हाताने बघायचं, कारण त्यांच्या पायांना चटका कळत नाही. पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करायच्या, नखं सरळ कापायची, कोपऱ्यात खोल जायचं नाही. अर्ध्या तासाचं काम. पहिल्यांदा किळस आली, खोटं कशाला बोलू?

काम झालं की त्या चहा करायला उठायच्या. मी दर वेळी नको म्हणायचे. त्यांना त्रास कशाला, शिवाय केलेल्या कामाचा मोबदला घेतल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "माझा चहा चालत नसेल तर तूही येऊ नकोस."

मला एकदम पेत्र आठवला. तोही आधी पाय धुवून घ्यायला तयार नव्हता. मला वाटायचं, ही त्याची नम्रता. आता वाटतं, दुसऱ्याकडून काही घेणं हेच माणसाला जड जातं. देणाऱ्याचा हात नेहमी वर राहतो ना! मी चहा नाकारत होते तेव्हा आजींना दर वेळी आठवण करून देत होते, की तुम्ही फक्त घेणाऱ्या.

पंडिता रमाबाईंचं मोठेपण मला इथे दिसतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून कितीतरी निराधार मुली आणि बायका आणल्या. पण केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना नुसतं बसवून खाऊ घातलं नाही. विणकाम, शेती, छापखाना ही कामं त्याच बायका शिकल्या आणि करू लागल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतरही तिथेच छापलं गेलं. आश्रयाला आलेली बाई देणारी झाली.

तेवढं मोठं काम आपल्या हातून होणार नाही. पण छोट्या कामाला कसोटी तीच लावता येते. आपण गेल्यावर समोरचं माणूस होतं त्याहून लहान तर झालं नाही ना? झालं असेल, तर आपण कितीही प्रार्थना करून गेलेलो असू, ती सेवा नव्हे असं माझं मत आहे.

असो. आता मी चहा पिते. येत्या शनिवारी जायचंय. आजींनी आधीच सांगून ठेवलंय, येताना आलं घेऊन ये, घरातलं संपलंय.