‘कमी घ्या’ म्हणणारा दुकानदार

आपल्या नेहमीच्या वाण्याने उद्या दुकानावर ‘साखर जपून वापरा, कमी न्या’ अशी पाटी लावली, तर आपण काय म्हणू? एक तर त्याचे काही बिनसले असावे, नाही तर यात त्याचाच काही फायदा असावा! मग वीज विकणाऱ्या कंपन्या ‘वीज वाचवा’ असे सांगतात, तेव्हा आपल्याला नवल का वाटत नाही?

राजधानी दिल्लीतल्या वीज कंपन्या तर याच्याही पुढे गेल्या आहेत. जुना एसी आणून द्या आणि कमी वीज खाणारा नवा एसी मोठ्या सवलतीत घेऊन जा, अशा योजना त्यांनी गेल्या काही वर्षांत पुनःपुन्हा जाहीर केल्या. गिऱ्हाइकाने माल कमी घ्यावा म्हणून दुकानदाराने इतकी खटपट करावी, हे जरा तपासून पाहण्यासारखे आहे.

दुखणे दुपारचे

१९ जून २०२४ च्या दुपारी दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॅटवर गेली. त्याआधी दिल्लीने इतकी वीज कधीच मागितली नव्हती. उन्हाळ्यातल्या या मागणीचा फार मोठा भाग एसी, कूलर आणि पंख्यांचा असतो. थंडीतल्या रात्री मात्र हीच मागणी कितीतरी खाली येते.

आता कंपनीची अडचण पाहा. वर्षातल्या त्या मोजक्या तापलेल्या तासांसाठी तिला केबल, ट्रान्सफॉर्मर आणि विजेचे करार यांची तजवीज करून ठेवावी लागते. घरातल्या एका लग्नासाठी लागणारी मोठी पातेली वर्षभर भाड्याने ठेवावीत, तसला हा प्रकार. एवढे करूनही वीज कमी पडली, तर ती बाजारातून चढ्या भावाने आणावी लागते. एसी बदलून देण्याच्या योजनेचे गमक इथे आहे. कंपनीला आपली बचत हवी आहे, पण ती मुख्यतः या तासांतली.

इतर वेळी चित्र उलटे होते. वीजनिर्मिती केंद्राशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या करारात दोन रकमा असतात. एक प्रत्यक्ष घेतलेल्या विजेची आणि दुसरी, केंद्र आपल्यासाठी सज्ज ठेवल्याची. ही दुसरी रक्कम वीज घेतली नाही तरी द्यावीच लागते. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी राज्य वीज मंडळाने १९९३ मध्ये केलेला करार याच जातीचा होता आणि २००१ मध्ये मंडळाने ती महागडी वीज घेणेच थांबवले. तेव्हा जानेवारीतल्या रात्री आपण चार दिवे कमी लावले, म्हणून कंपनीला आनंद व्हावा असे काही नाही. केंद्राचे भाडे तर चालूच असते.

हिशेब एका घराचा

बचतीचा फायदा नेमका कोणाच्या पदरात पडतो? २०१९ च्या दरपत्रकात दिल्लीतल्या घरगुती ग्राहकाला पहिल्या २०० युनिटांना ३ रुपये, पुढच्या २०० युनिटांना साडेचार रुपये आणि त्यापुढे ८०० युनिटांपर्यंत साडेसहा रुपये असा दर लागला. शिवाय १ ऑगस्ट २०१९ पासून दिल्ली सरकारने सवलत सुरू केली. महिन्याला २०० युनिटांपर्यंत बिल शून्य आणि २०१ ते ४०० युनिटांपर्यंत निम्मे बिल माफ, जास्तीत जास्त ८०० रुपये. वापर ४०० च्या वर गेला की सवलत संपली.

समजा, एका घराचा महिन्याचा वापर ४२० युनिट आहे. स्थिर आकार आणि अधिभार बाजूला ठेवले, तर विजेचे १,६३० रुपये झाले. त्या घराने ३० युनिट वाचवून वापर ३९० वर आणला, तर रक्कम होते १,४५५ आणि निम्मी माफ झाल्यावर भरायचे उरतात सुमारे ७२८ रुपये. म्हणजे खिशात राहिले ९०० रुपये. कंपनीचे उत्पन्न मात्र फक्त १७५ रुपयांनी घटले, कारण माफ झालेले पैसे तिला सरकारकडून मिळायचे असतात. बचतीची गरज कोणाला अधिक, हे यावरून उमगावे.

हे ३० युनिट वाचवायला घर अंधारात ठेवावे लागत नाही. जुना ७५ वॅटचा पंखा रोज पंधरा तास चालला, तर महिन्याला सुमारे ३४ युनिट खातो. ३० वॅटच्या नव्या पंख्याला साडेतेरा पुरतात. असे दोन पंखे बदलले की ४० युनिटांची बचत झाली. एसीचे तापमान एका अंशाने वाढवले, तर त्याच्या विजेत सुमारे सहा टक्के बचत होते, असे ऊर्जा दक्षता ब्युरोचे सांगणे आहे.

कंपनीची इच्छा कोण ठरवतो?

कंपनीला दोष देऊन हात झटकणे सोपे आहे. परंतु वीज कंपनी हा काही मोकळा व्यापारी नव्हे. तिचा दर आणि भांडवलावरचा परतावा वीज नियामक आयोग ठरवतो. नियमाने जिथे फायदा ठेवला, तिथे कंपनी धावते. दिल्लीत जुलै २००२ मध्ये वीजवितरणाचे खाजगीकरण झाले, तेव्हा चोरी, गळती आणि थकबाकीत निम्म्याहून अधिक वीज वाया जात होती. गळती ठरल्यापेक्षा जास्त घटवली, तर फायद्याचा वाटा कंपनीला, असा नियम झाला. आज ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आले आहे.

बचतीसाठीही असा नियम करता येतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९८२ मध्येच वीज कंपनीचे मंजूर उत्पन्न विक्रीपासून वेगळे केले. विक्री घटली म्हणून कंपनीचे नुकसान नाही आणि वाढली म्हणून घबाडही नाही. मग गिऱ्हाइकाला बचत शिकवताना तिचा हात आखडत नाही.

आपल्याकडेही आयोग मंजूर खर्च आणि प्रत्यक्ष वसुली यांचा मेळ घालतो, पण तूट बरीच वर्षे वहीत पडून राहते. दिल्लीच्या तीन कंपन्यांची अशी साचलेली येणी मार्च २०२४ अखेर सुमारे २७,२०० कोटी रुपये होती आणि ती ठराविक मुदतीत वसूल करून द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. हा पैसा शेवटी ग्राहकाच्याच बिलातून यायचा आहे.

भाड्याच्या खोलीतला ‘वीज कंपनीवाला’

आणखी एक वीजविक्रेता आहे आणि त्याच्यावर आयोगाची नजर पोहोचत नाही. स्पर्धा परीक्षांसाठी आपली किती तरी मुले दिल्लीत मुखर्जीनगर, जुने राजेंद्रनगर अशा वस्त्यांत राहतात. पुष्कळ ठिकाणी घरमालक खोलीला स्वतःचे उपमीटर लावतो आणि प्रत्येक युनिटला स्वतःचाच चढा दर लावतो. भाडेकरूने एसी जास्त चालवला, तर या विक्रेत्याचा शुद्ध फायदाच! तो ‘वीज वाचवा’ असे चुकूनही म्हणणार नाही. भाडेकरूला भाडेकरार किंवा भाडेपावती दाखवून स्वतःचे प्रीपेड मीटर घेता यावे, अशी योजना दिल्ली सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर केली होती. मुलाला खोली बघायला जाल, तेव्हा भाड्याबरोबरच विजेचा दर आणि मीटर कोणाच्या नावाचे, हेही विचारून घ्या.

तेव्हा ‘वीज कंपनीला आपण कमी वीज वापरावी असे खरेच वाटते का?’ या प्रश्नाचे उत्तर आहे: वाटते, पण तिच्या सोयीच्या वेळी आणि नियमाने भाग पाडले तेवढेच. म्हणून घरचा हिशेब आपणच ठेवावा. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला मीटरचा आकडा कॅलेंडरवर टिपावा. दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवतो. तिथे साध्या पत्रानेही म्हणणे मांडता येते. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने अशा सुनावण्यांत वर्षानुवर्षे ग्राहकांची बाजू आकड्यांनिशी मांडली आहे. बचतीला बक्षीस देणारा नियम हवा असेल, तर तो आपल्यालाच मागावा लागेल. वाणी आपण होऊन तशी पाटी लावणार नाही.