शिखर तासाभरावर होते

आमच्या दिवाणखान्यात एक फोटो आहे. चार म्हातारे, डोक्याला माकडटोप्या, पायाखाली बर्फ आणि मागे दगडी देऊळ. नवा पाहुणा विचारतो, "कुठपर्यंत गेला होतात?" मी सांगतो, "तुंगनाथपर्यंत." पाहुणा माहितगार असला तर पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे चंद्रशिला राहिली?" राहिली. ती का राहिली, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच.

बापू, नाना, अण्णा आणि मी एकाच बँकेत एकाच सुमारास लागलो. तेव्हा शनिवारी बँक अर्धा दिवस असे. रोकड जुळली की पाठीला पिशव्या लावून आम्ही एस.टी. गाठायचो. राजमाची, हरिश्चंद्रगड, कळसूबाई असे सगळे त्या अर्ध्या शनिवारांच्या जोरावर झाले. मग बदल्या, बढत्या, मुलांच्या दहावी-बारावी. निवृत्तीनंतर पुन्हा एकत्र आलो तेव्हा नाना म्हणाला, "सह्याद्री झाला. आता एकदा बर्फात चालू." म्हणून फेब्रुवारी 2020 मध्ये आम्ही उत्तराखंडात चोपट्याला पोहोचलो.

तुंगनाथ हा पंचकेदारांपैकी सर्वांत उंचावरचा, सुमारे 3,680 मीटरवर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी तुंगनाथ वर उरतोच. चोपट्यापासून देवळापर्यंत चार किलोमीटरच्या आतबाहेर फरसबंद वाट आहे आणि तिथून वर सुमारे दीड किलोमीटरवर चंद्रशिलेचा माथा. हिवाळ्यात देऊळ बंद असते. देवाची उत्सवमूर्ती खाली मक्कूमठला नेलेली असते आणि फरसबंदी बर्फाखाली गेलेली असते. बुटांना लोखंडी काटे बांधून, काठी टेकत, वाटाड्याच्या पावलावर पाऊल ठेवून जायचे.

आमचा वाटाड्या पंचविशीतला तिथलाच मुलगा. निघतानाच त्याने बजावले, "अंकलजी, बारा बजे जहाँ होंगे, वहीं से वापस." दुपारी ऊन लागले की बर्फ भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत रुततो आणि ढगही दुपारनंतरच येतात, असे त्याचे म्हणणे. आम्ही शहाण्या मुलांसारख्या माना डोलावल्या.

पहाटेच्या बर्फावर पाऊल पडले की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. तेवढा एकच आवाज, बाकी सगळे चिडीचूप. बुरांशाच्या फांद्या बर्फाने वाकलेल्या. मध्येच एखादी फांदी ओझे झटकून ताठ होई आणि आम्ही दचकून हसू. झाडी संपली, वर मोकळा पांढरा उतार लागला आणि समोर चौखंबा उभा राहिला. नाना, जो बँकेत कुणापुढे वाकला नाही, त्याने हात जोडले.

बापू मात्र सकाळपासून गप्प होता. पराठा त्याने तसाच ठेवला. विचारले तर म्हणाला, "काही नाही रे, रात्री झोप लागली नाही." देवळापाशी पोहोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. बापूची चाल मला जरा वेडीवाकडी वाटली. वाटली, पण मी बोललो नाही. कारण डोळ्यांपुढे चंद्रशिला होती. नाना म्हणाला, "तासाभराचं तर काम आहे. एवढं हजारो मैल आलो ते काय इथून परत फिरायला?" मीही म्हणालो, "खरंय."

वाटाड्या घड्याळ दाखवू लागला. तेवढ्यात अण्णा एका दगडावर बसला. "माझा गुडघा गेला," तो म्हणाला. "मला काही पुढे जमायचं नाही. आणि देवसुद्धा थंडीत खाली गेलाय, आपणच कशाला वर जायचं?" सगळे हसले. नानाने थोडी कुरकुर केली. बापू लगेच म्हणाला, "चल, मी धरतो तुला." वाटाड्याने आमचा फोटो काढला आणि आम्ही उतरू लागलो.

दोन तासांत बरेच खाली आलो, तेव्हा बापूने स्वतःहून चहा मागितला. मग हळूहळू सगळे बाहेर आले. रात्रीपासून डोके ठणकत होते, दोनदा उलटी झाली होती. "तुमचा विरस कशाला करायचा?" म्हणून तो बोलला नव्हता. हा उंचीचा त्रास. त्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश मिळतो. डोकेदुखी, मळमळ आणि मग तोल जाऊ लागला की ती धोक्याची घंटा. त्यावर खाली उतरणे हाच खरा उपाय. वर गेलो असतो तर काय झाले असते, ते मी मनातही पूर्ण लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा तुरुतुरु चालत चहाच्या टपरीवर निघालेला दिसला. मी विचारले, "गुडघा?" तो म्हणाला, "गुडघ्याला काय धाड भरलीय? बापू झिंगल्यासारखा चालत होता. 'तुला झेपत नाही' म्हटलं असतं तर हट्टाने पुढे गेला असता. चाळीस वर्षं ओळखतो त्याला."

मी खजील झालो. दिसले मलाही होते. पण तासाभरावरचे शिखर मला मित्रापेक्षा ठळक दिसत होते.

हा आजार मला नवा नव्हता. मी शाखाधिकारी असताना औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याचे कर्ज थकले. आकडे स्पष्ट सांगत होते, थांबा. पण आम्ही म्हणालो, इतके दिलेच आहेत, आणखी थोडे दिले तर उभा राहील. वाढीव कर्जाच्या टिपणावर माझी सही होती. कारखाना बुडाला, आधी थांबलो असतो तर त्या माणसाचे राहते घर तरी वाचले असते. 'थोडेच राहिले आहे' हे वाक्य मी तेव्हा ऐकले होते, तेच तुंगनाथला पुन्हा ऐकले. दोन्ही वेळा मान डोलावली.

मोठमोठेही यातून सुटत नाहीत. मे 1996 मध्ये एव्हरेस्टवर परत फिरण्याची ठरलेली वेळ टळून गेल्यावरही माणसे चढत राहिली आणि 10 मेच्या वादळात आठजण गेले. त्यांत दोन तुकड्यांचे अनुभवी नेते होते. त्याच मोसमात योरान क्रॉप नावाचा गिर्यारोहक स्वीडनहून सायकलने नेपाळला आला होता. 3 मे रोजी शिखर सुमारे शंभर मीटरवर असताना, उशीर झाला म्हणून तो मागे वळला. 23 मेला पुन्हा जाऊन त्याने शिखर गाठले.

आमचा वाटाड्याही निरोप देताना म्हणाला होता, "पहाड़ कहीं नहीं जाता, अंकलजी." बरोबर आहे. पहाड जात नाही, माणसे जातात. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी आली. मग नानाची बायपास झाली, माझा गुडघा खरोखरच गेला. आता चंद्रशिला होणे नाही. तिशीतल्या माणसाला 'पुन्हा येऊ' म्हणत परत फिरता येते. साठीत परत फिरणे म्हणजे बहुधा कायमचे सोडणे. हळहळ वाटत नाही असे म्हटले तर खोटे होईल. पण तरीही फिरावे, असेच मी म्हणेन.

दोन गोष्टी मात्र शिकलो. परत फिरण्याची वेळ पायथ्याशीच ठरवावी, कारण वर गेल्यावर डोके आपले राहत नाही. आणि आपल्या माणसांत 'मला जमत नाही' हे वाक्य स्वस्त करून ठेवावे. नापास होऊ पाहणाऱ्या मुलाला, नोकरी असह्य झालेल्या मुलीला, डोके दुखणाऱ्या बापूला ते लाज न वाटता म्हणता आले पाहिजे. आणि त्यांना म्हणवत नसेल, तर कुणीतरी अण्णा होऊन आधी म्हणावे.

फोटोत अण्णाचा हात बापूच्या खांद्यावर आहे. पाहुण्यांना वाटते, बापूने अण्णाला सावरले आहे. बापूलाही बरेच दिवस तसेच वाटत होते.