रात्रीच्या श्रमाचा हिशेब

हिवाळ्यात पुण्यात रात्रीचे दहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेअकरा झालेले असतात. खराडीच्या ईऑन आयटी पार्कमधील आणि भोवतालच्या इमारतींमधील कित्येक मजल्यांचा दिवस या दुसऱ्या घड्याळावर चालतो. नगर रस्त्यालगतचे, मुळा-मुठेच्या काठचे हे शेतीचे गाव काही दशकांतच परदेशी ग्राहकाच्या सोयीने जागू लागले. या जागरणाचे मोल पगारात, रात्रपाळीच्या भत्त्यात आणि निर्यातीच्या आकड्यांत मोजले जाते. त्याच खराडीतील सदनिकांत आणि शेजारच्या चंदननगरातील भाड्याच्या खोल्यांत दुसरेही एक जागरण चालू असते. अंगावर पाजणारी आई बाराला उठते, दोनला उठते, पुन्हा चारला उठते. त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

तिला सर्वत्र एकच प्रश्न विचारला जातो: बाळ रात्री झोपते का? ‘नाही’ म्हटले की उपदेश सुरू होतो. रात्री वरचे दूध द्या, थोडे रडू द्या, सवय लावा. बाळाला झोपायला शिकवण्याचे मार्गदर्शन आता पैसे मोजूनही मिळते. वस्तुतः नवजात बालकाला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा दूध लागते आणि दिवस व रात्र यांतील भेद त्याच्या शरीराला उमगण्यास पहिले तीन-चार महिने जातात. दूध निर्माण करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळी आईच्या शरीरात रात्रीच अधिक असते. रात्रीचे पाजणे तोडले की अनेकींचे दिवसाचे दूधही आटू लागते. सहा महिने केवळ आईचे दूध, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात ते 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 63.7 टक्के बालकांनाच मिळत होते. उरलेल्यांच्या आयांना दोष देण्यापूर्वी त्यांच्या कामाच्या वेळा विचारलेल्या बऱ्या.

बाळाची झोप कामाच्या वेळापत्रकात बसवण्याचा हा खटाटोप महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया मुलाला अफूची ‘बाळागोळी’ देत, ती एवढ्यासाठीच की आई साच्यावर असताना मूल निपचित पडून राहावे. 1920 च्या दशकाच्या आरंभी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी केलेल्या पाहणीत ही प्रथा गिरणीकामगार स्त्रियांच्या जवळजवळ सर्व घरांत आढळली. त्या काळच्या सुशिक्षितांनी त्यात आईचे अज्ञान पाहिले. ते अज्ञान होतेच; परंतु पाळणाघर नसलेल्या गिरणीत दहा तास उभ्या असलेल्या बाईने दुसरे काय करावे, याचे उत्तर त्या सुशिक्षितांपाशी नव्हते. बाळागोळी गेली. मूल झोपले पाहिजे, वेळापत्रक हलता कामा नये, हा आग्रह राहिला.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत दुधाच्या पावडरीचा डबा धरला जातो, आईचे दूध धरले जात नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या कालवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी 289 मिनिटे जातात, पुरुषांची 88. कुटुंबातील माणसांच्या देखभालीत स्त्रियांची 137, पुरुषांची 75. हे आकडे उपयुक्त आहेत, पण रात्रीचे काम त्यांतूनही निसटते. पाहणीत दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे कप्पे पाडलेले असतात. दोन वाजता वीस मिनिटे पाजून पुन्हा आडवी झालेली बाई दुसऱ्या दिवशी पाहणीदाराला ‘झोपले होते’ असेच सांगणार, आणि झोप ही ‘स्वतःची काळजी’ या सदरात जमा होणार.

कायद्याने काही दिलेले नाही, असे नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन विराम दिले. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 26 आठवड्यांवर नेली, पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर आवश्यक केले आणि आईला तेथे दिवसातून चार वेळा जाण्याचा हक्क दिला. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने याच तरतुदी पुढे चालवल्या आहेत. त्याच दिवशी अमलात आलेल्या दुसऱ्या संहितेने संमती असल्यास स्त्रियांना सर्व प्रकारच्या आस्थापनांत रात्री काम करण्याची मुभा दिली. समान संधीच्या दृष्टीने जुनी बंदी जाणे योग्यच होते. ती परत आणा असे कोणी समाजवाद्याने म्हणू नये. परंतु जिच्या डोक्यावर घरकर्जाचा हप्ता आहे किंवा जी कंत्राटदाराच्या मर्जीवर सफाईचे काम करते, तिच्या संमतीला काय अर्थ? ‘नाही’ म्हटल्याने पगार, बढती वा काम जाणार नाही, याची हमी असेल तरच ती संमती होय.

रजेचा खर्च एकट्या मालकावर टाकण्यात तर मोठीच चूक आहे. त्यामुळे तरुण विवाहितेला कामावर न घेणे हेच मालकाला फायद्याचे ठरते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2000 सालचा 183 क्रमांकाचा करार हा भार सामाजिक विम्यावर किंवा सार्वजनिक निधीवर टाकण्यास सांगतो. त्याच्याही फार पूर्वी, 1928 साली मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे मांडले होते. महाराष्ट्राला हे अवघड नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने अनेक मालकांकडून लेव्ही गोळा करून मंडळामार्फत हमालांना लाभ देण्याची पद्धत घालून दिली. रोजगार हमीसाठी 1975 साली व्यवसाय कर बसवला, आणि शहरातील नोकरदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचे पैसे भरले. स्त्री कामावर असो वा नसो, प्रत्येक मालकाने वेतनाच्या प्रमाणात निधीत भर घालावी. त्याच निधीतून खराडीत टॉवर बांधणाऱ्या, त्यांत फरशी पुसणाऱ्या आणि सदनिकांत धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही रजा मिळावी. आज तिच्यातील पुष्कळजणींना 26 आठवडे तर सोडाच, 26 दिवसही मिळत नाहीत.

पूर्वी पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाई. शेकशेगडी, डिंकाचे लाडू यांबरोबर तेथे रात्रीच्या कामाची वाटणीही होत असे. आई पाजे, आजी बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घाली. ही वाटणी बाईबाईंतच होती आणि पुरुष ओसरीवर घोरत असे, म्हणून तिचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु दोन खोल्यांच्या सदनिकेत ती जागा रिकामी राहिली आहे. बाप पाजू शकत नाही. पण लंगोट बदलणे, ढेकर काढणे, पहाटेच्या दोन तासांत बाळ सांभाळून आईला सलग झोप देणे यासाठी दूध लागत नाही. केंद्र सरकारी नोकराला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी नोकरीत कायद्याने एकही दिवस नाही.

थकव्यात जिवाचाही प्रश्न आहे. पाळी संपवून आलेली आई सोफ्यावर पाजता पाजता झोपी जाते, आणि बाळासह सोफ्यावर डोळा लागणे हे सपाट, टणक अंथरुणावर शेजारी निजण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे असते. घरात कोणी धूम्रपान करणारा वा दारू प्यालेला असेल, किंवा मूल अपुऱ्या दिवसांचे असेल, तर त्याचे अंथरूण आईजवळ पण वेगळे हवे. जमिनीवरची साधी सतरंजी महागड्या गादीपेक्षा येथे बरी, हे आजींना ठाऊक होते.

1972 साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी लाटणे घेऊन मोर्चे काढले, तेव्हा स्वयंपाकघर राजकारणात आले. निजण्याची खोली अजून बाहेरच आहे. खराडी-चंदननगरातील कार्यकर्त्यांनी घरोघर जाताना मतदार यादीबरोबर एक कोरी वहीही न्यावी. आसपासच्या कोणत्या आस्थापनांत पाळणाघर आहे, रात्रपाळीला ते उघडे असते की संध्याकाळी सहालाच त्याला कुलूप लागते, आणि कंत्राटी सफाई कामगाराच्या मुलाला आत घेतात की नाही, एवढे तिन्ही रकाने भरून आणावेत. पालिकेसमोर आणि कामगार आयुक्तांसमोर ठेवायला तेवढे पुरेल.