गाजराच्या गोळीचा ‘फसलेला’ प्रयोग : इतिहासाची एक उलटी नोंद

१/
बीटा-कॅरोटीनची कथा समाजमाध्यमांवर नेहमी एकाच साच्यातून निघते. शास्त्रज्ञांना वाटले, गाजरातल्या केशरी द्रव्याने फुप्फुसाचा कर्करोग टळेल. त्यांनी फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्यांना गोळ्या दिल्या. कर्करोग उलट वाढला. मग ठरलेले तात्पर्य येते : विज्ञान आज एक सांगते, उद्या दुसरे. ही कथा चटकदार आहे. तिच्यात ज्याला अपयश म्हटले जाते, तेच नेमके या साऱ्या प्रकरणातले यश होते, एवढीच तिची अडचण आहे.

२/
मूळ कल्पना खुळचट नव्हती, हे आधी मान्य करावे लागते. १८३१ मध्ये वाकेनरोडर या जर्मन रसायनज्ञाने गाजरापासून हे द्रव्य वेगळे केले. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवते, हे १९३० च्या सुमारास सिद्ध झाले. त्याच सुमारास त्याची रचना उलगडणाऱ्या पॉल कारर यांना १९३७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तत्पूर्वी, १९२५ मध्येच, अमेरिकेत वोल्बाक आणि हाऊ यांना एक महत्त्वाची गोष्ट आढळली होती. अ जीवनसत्त्वाविना वाढवलेल्या उंदरांच्या श्वासमार्गाचे नाजूक अस्तर टणक, चपट्या पेशींचे होऊन जाते. असाच बदल धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासनलिकेतही दिसतो. म्हणजे धागा खरा होता.

३/
पुढचा धागा माणसांच्या ताटातून आला. १९७५ मध्ये नॉर्वेतील ब्येल्के यांनी दाखवले की ज्यांच्या आहारात अ जीवनसत्त्व (भाज्यांतून येणारे धरून) अधिक, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी. १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ने शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील सुमारे दोन हजार पुरुषांचा १९ वर्षांचा मागोवा छापला. कॅरोटीन सर्वांत कमी खाणाऱ्या चौथ्या हिश्श्यात या कर्करोगाचा धोका सर्वांत जास्त खाणाऱ्यांच्या सातपट निघाला.

सातपट! आकडा ऐकून कोणीही हुरळून जाईल. पण त्या संपूर्ण अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण होते अवघे ३३.

४/
त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा गाजलेला लेख आला. आहारातील बीटा-कॅरोटीनमुळे माणसातील कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय घटू शकेल काय, असा त्याचा विषय. शीर्षक प्रश्नार्थक होते, आणि ते प्रश्नचिन्ह शोभेचे नव्हते. भाज्या खाणारे लोक इतर कित्येक बाबतींत वेगळे असू शकतात, तेव्हा खरे-खोटे नियंत्रित चाचणीनेच ठरेल, हे लेखकांनी मांडले होते.

‘शास्त्रज्ञांनी छातीठोकपणे सांगितले’ असे लिहिणाऱ्यांनी निदान शीर्षक तरी वाचायला हवे होते.

५/
छातीठोकपणे सांगितले ते गोळ्या विकणाऱ्यांनी. कृत्रिम बीटा-कॅरोटीन १९५० च्या दशकापासून कारखान्यांत तयार होत होते. लोण्यासारख्या पदार्थांना रंग देण्यासाठी ते वापरले जाई. आता तेच द्रव्य संरक्षक कवच म्हणून बाटलीत बसले. चाचणीचा निकाल यायला दशक लागणार होते. दुकानाला तेवढा धीर कुठला?

मराठीत म्हण आहे : गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. गोळी घेणाऱ्यांचा हिशेबही हाच होता. फायदा झाला तर झाला, नाही तर भाजीतलेच तर द्रव्य आहे, अपाय कसला?

६/
हा हिशेब तपासण्याचे काम फिनलंडने केले. तेथील सार्वजनिक आरोग्य संस्था आणि अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी मिळून १९८५ पासून नैऋत्य फिनलंडमधील २९,१३३ पुरुष निवडले. वय ५० ते ६९. सरासरी पाहिली तर रोज वीस सिगारेटी, आणि त्याही ३६ वर्षांपासून. कोणाला बीटा-कॅरोटीन (रोज २० मिलिग्रॅम), कोणाला ई जीवनसत्त्व, कोणाला दोन्ही, कोणाला निष्क्रिय गोळी. कोणाच्या वाट्याला काय येणार, हे केवळ चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले. घेणाऱ्यालाही ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही.

७/
चिठ्ठीचे महत्त्व इथे समजून घ्यावे. आवडीने भाजी खाणारा माणूस बहुधा कमी सिगारेटी ओढतो, कमी दारू पितो, बऱ्या घरात राहतो. शिवाय धूम्रपानाने रक्तातील कॅरोटीनच खालावते. मग ‘कॅरोटीन कमी, कर्करोग जास्त’ यातले कारण कोणते आणि सावली कोणती? चिठ्ठी हे सारे फरक दोन्ही बाजूंना सारखे वाटून टाकते. उरतो तो फक्त गोळीचा फरक.

८/
निकाल एप्रिल १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच ते आठ वर्षांच्या काळात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ४७४ नवे रुग्ण, न घेणाऱ्यांत ४०२. दोन्ही बाजूंची संख्या जवळपास सारखीच होती. वाढ १८ टक्के. एकूण मृत्यूही ८ टक्क्यांनी अधिक.

९/
आणि याच चाचणीतला एक तपशील, जो लोकप्रिय कथनातून हमखास गळतो. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात, सुरुवातीला ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन अधिक होते, त्यांना हा कर्करोग कमी झाला! म्हणजे १९७५ आणि १९८१ ची निरीक्षणे खोटी नव्हती; ती याच फिनलंडच्या माणसांतही पुन्हा दिसली. खोटा ठरला तो त्यांवरून काढलेला अर्थ. रक्तातील कॅरोटीन ही भाजी खाणाऱ्या जीवनाची खूण होती. ती खूण गोळीतून विकत घेता येत नव्हती.

‘विज्ञानाने शब्द फिरवला’ म्हणणाऱ्यांनी या एका ओळीचे काय करायचे ते सांगावे.

१०/
मात्रेचा प्रश्नही होताच. या पुरुषांना आहारातून दिवसाला सुमारे दोन मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन मिळे; गोळीतून वीस. रक्तातील पातळी सुमारे सतरापट चढली. नेहमीच्या आहारातल्या गाजराने रक्त सहसा इतके केशरी होत नाही. तेव्हा ‘गाजराने कर्करोग होतो’ हा निष्कर्षही तितकाच बाष्कळ आहे.

११/
१९९४ मध्ये अनेकांनी हा निकाल योगायोग म्हणून झटकला. तशी सोय होती, कारण असे काही कोणाच्या अपेक्षेतच नव्हते. पण सिएटलहून चालवली जाणारी दुसरी चाचणी तोवर सुरू होती : धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले असे १८,३१४ लोक. रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, जोडीला अ जीवनसत्त्व. जानेवारी १९९६ मध्ये ती नियोजित मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी अधिक, एकूण मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक. त्याच वेळी २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांवरील बारा वर्षांच्या चाचणीचा निकाल आला : ना लाभ, ना हानी. त्या डॉक्टरांत धूम्रपान करणारे थोडेच होते.

योगायोगाचा मुद्दा तिथे संपला.

१२/
टीका करायचीच तर खऱ्या जागी करावी. सिएटलच्या चाचणीचा पहिला अंतरिम आढावा ऑगस्ट १९९४ मध्ये झाला. फिनलंडचा निकाल तेव्हा चार महिने जुना होता आणि स्वतःचे आकडेही त्याच दिशेने झुकत होते. तरी गोळ्या पुढे चालू राहिल्या, कारण थांबण्यासाठी आधी आखलेली संख्याशास्त्रीय रेषा ओलांडली गेली नव्हती. हा निर्णय नियमाला धरून होता. तो योग्य होता काय, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे.

दुसरी गोष्ट प्राण्यांची. उंदीर आतड्यातच जवळजवळ सारे कॅरोटीन अ जीवनसत्त्वात बदलून टाकतात. ते माणसासारखे अख्खे शोषत नाहीत. त्यामुळे त्यांच्यावरील आश्वासक प्रयोग माणसाला फारसे लागू नव्हते. माणसासारखे शोषण करणारा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबोडा प्राणी) बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात वापरला गेला आणि धूर अधिक मोठी मात्रा यांनी त्याच्या फुप्फुसात कर्करोगपूर्व बदल दिसले. वर्ष होते १९९९. हा प्रयोग वीस वर्षे आधी व्हायला हवा होता.

१३/
या कथेवरून काहीजण आणखी एक उडी मारतात : निरीक्षणे अशी फसवी असतील, तर सिगारेट आणि कर्करोग हे नातेही निरीक्षणांवरच उभे आहे ना? गंमत अशी, की १९५० मध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्यासह ते नाते ठळकपणे मांडणारे रिचर्ड डॉल आणि १९८१ च्या कॅरोटीन लेखातले डॉल एकच. थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यांच्याविरुद्ध हाच आक्षेप घेतला होता : कदाचित एखादा आनुवंशिक गुण धूम्रपानही लावत असेल आणि कर्करोगही.

फिशर तिथे चुकले. ब्रिटिश डॉक्टरांच्या पाहणीत खूप धूम्रपान करणाऱ्यांचा धोका वीसपटीहून अधिक होता. जितक्या सिगारेटी तितका तो चढत होता आणि सवय सोडणाऱ्यांत ओसरत होता. देशोदेशी तेच दिसले. त्या डोंगराची तुलना ३३ रुग्णांवर उभ्या असलेल्या सातपटीशी करणे हा शुद्ध कांगावा होय.

१४/
आता मूळ आरोपाकडे. फिनलंडमध्ये प्रयोग ‘फसला’ म्हणजे काय झाले? ४७४ उणे ४०२, बाकी ७२. चाचणी झाली नसती आणि लोकांनी आपापल्या खर्चाने गोळ्या घेतल्या असत्या, तर हे ७२ जण कोणाच्या ध्यानात आले असते? छत्तीस वर्षे सिगारेट ओढलेल्या माणसाला फुप्फुसाचा कर्करोग झाला, यात आश्चर्य ते कसले! कोणत्याही डॉक्टरने गोळीच्या बाटलीकडे बोट दाखवले नसते. घरच्यांनी तर मुळीच नाही. गोळी घेत होता म्हणून इतका तरी जगला, असेच ते म्हणाले असते.

१५/
चाचणी संपल्यावरही फिनलंडने या माणसांचा मागोवा राष्ट्रीय कर्करोग नोंदवहीतून चालू ठेवला. गोळ्या बंद झाल्यावर चार ते सहा वर्षांत वाढीव धोका विरून गेला. डोळ्यांच्या पडद्याच्या झिजेसाठी अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणातही बीटा-कॅरोटीन होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनंतर त्याच्या जागी ल्युटीन आणि झिआझँथिन ही त्याचीच भावंडे सुचवली गेली. धूम्रपान करणाऱ्यांना आणि ते सोडलेल्यांना ती बाटली देताना लेबल पाहिले जाते, ते फिनलंड आणि सिएटलच्या त्या सुमारे ४७ हजार लोकांमुळे.